विषाणू आणि लिम्फोमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिम्फोमाबद्दल दवाखान्यात विचारले जाणारे प्रश्न बहुतेक एका पेशंटपुरते असतात: औषध कोणतं, खर्च किती, बरं होणार का. या पानावरचे प्रश्न त्याहून वेगळे आहेत. हा आजार एखाद्या प्रदेशात जास्त आणि दुसरीकडे कमी का दिसतो, त्यात विषाणूंचा हात किती, आणि विषाणू आवरला तर आजार कमी होतो का, याची उत्तरं इथे आहेत.

लिम्फोमा म्हणजे ब्लड कॅन्सरच ना?

त्याच कुळातला, पण ल्युकेमियाहून वेगळा. पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट नावाच्या पेशी मान, काख, जांघ इथल्या लसिका ग्रंथींत, प्लीहेत आणि आतड्याच्या अस्तरात मुक्कामाला असतात. त्यांतली एखादी पेशी बेलगाम वाढू लागली की लिम्फोमा होतो. हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन हे त्याचे दोन मोठे गट, आणि त्यांच्या पोटात साठाहून अधिक प्रकार. ती नावं पाठ करायची गरज नाही. पण 'लिम्फोमाचा दर' हा आकडा अनेक वेगवेगळ्या रोगांची बेरीज असतो, हे लक्षात असू द्या. विषाणूंचा प्रभाव त्यातल्या काहींवर प्रचंड आहे, काहींवर शून्य.

विषाणू नेमके याच पेशींच्या वाटेला का जातात?

जंतूंशी गाठ पडणं हेच या पेशींचं काम आहे. शिवाय त्या दीर्घकाळ जगतात, त्यामुळे एखाद्या विषाणूला शरीरात कायम दडून राहायचं असेल तर यांच्याइतकी सोयीची जागा नाही. त्यात बी प्रकारच्या लिम्फोसाइटची एक धोकादायक सवय आहे: नव्या जंतूविरुद्ध प्रतिपिंडं घडवताना त्या स्वतःच्याच डीएनएत मुद्दाम कापाकापी करतात आणि तुकडे पुन्हा जोडतात. बहुतेक वेळा जोडणी बरोबर होते. कधी चुकते. चुकलेली पेशी मरून जावी अशी व्यवस्था शरीरात आहे, पण आत दडलेला विषाणू त्या पेशीला मरू देत नसेल तर?

मग कर्करोग संसर्गजन्य झाला का? पेशंटचं ताट-वाटी वेगळं करायचं का?

नाही. लिम्फोमा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. विषाणू लागतो, आणि त्यातले बरेचसे तुम्हाला लहानपणीच लागून गेलेले असतात. पेशंटला वेगळं काढण्यात वैद्यकीय अर्थ काहीच नाही. केमोथेरपी चालू असताना उलट पेशंटलाच आपल्या सर्दी-खोकल्यापासून जपावं लागतं.

आमच्या गावात दोन वर्षांत तिघांना लिम्फोमा झाला. म्हणजे दर वाढला?

तेवढ्यावरून सांगता येत नाही. दर काढायला तीन गोष्टी लागतात: ठरावीक लोकसंख्या, त्या लोकसंख्येतल्या प्रत्येक नव्या रुग्णाची नोंद, आणि वयाचा हिशेब. तरुणांची वस्ती आणि निवृत्तांची वस्ती यांची थेट तुलना केली तर निवृत्तांच्या वस्तीत कर्करोग जास्तच निघणार, म्हणून दर वयानुसार जुळवून घेतात. हे काम करणाऱ्या यंत्रणेला कर्करोग नोंदणी म्हणतात. भारतातली पहिली लोकसंख्येवर आधारित नोंदणी मुंबईत १९६३ साली सुरू झाली, आणि ग्रामीण भागातली पहिली १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत. कर्करोगाच्या चर्चेत अशा नोंदणीचं नाव क्वचित निघतं. पण गावोगाव फिरून, दवाखान्यांच्या वह्या चाळून केलेलं हे कंटाळवाणं काम नसतं तर या पानावरच्या निम्म्या प्रश्नांना उत्तरच नसतं.

एक अडचण मात्र आहे. जिथे निदानच होत नाही तिथे दर कमी दिसतो. भारतात नॉन-हॉजकिन लिम्फोमाचा नोंदलेला दर अमेरिकेच्या मानाने कितीतरी कमी आहे. त्यातला काही फरक खरा आहे, काही बायोप्सीपर्यंत न पोचलेल्या गाठींचा.

विषाणू आणि लिम्फोमाचा संबंध पहिल्यांदा लक्षात कसा आला?

युगांडात. डेनिस बर्किट हा आयरिश सर्जन कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलात काम करायचा. १९५७ साली त्याला एक लहान मुलगा दाखवण्यात आला. त्याचा जबडा दोन्ही बाजूंनी, वर आणि खाली, सुजला होता. असं एकाच वेळी चारही बाजूंना व्हावं याचा उलगडा होईना. थोड्याच दिवसांत दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात अगदी तसंच दुसरं मूल दिसलं, आणि बर्किट जुने कागद उकरायला बसला. १९५८ साली त्याने या गाठींवर लेख लिहिला. पुढे तो लिम्फोमा असल्याचं ठरलं आणि त्याला बर्किटचंच नाव मिळालं.

पण खरी मौज पुढे आहे. बर्किटने गाठीचं वर्णन करून थांबायचं नाही असं ठरवलं आणि ती कुठे सापडते, कुठे नाही, याचा नकाशा करायला घेतला. आफ्रिकेतल्या दवाखान्यांना चित्रांसह पत्रकं पाठवली. १९६१ साली दोन डॉक्टर मित्रांना घेऊन जुन्या स्टेशन वॅगनमधून सुमारे दहा हजार मैलांचा प्रवास केला आणि पन्नासाहून अधिक दवाखान्यांत जाऊन एकच प्रश्न विचारला: अशी मुलं इथे येतात का? उत्तरं नकाशावर मांडल्यावर विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना एक पट्टा दिसू लागला. त्या पट्ट्यातही जिथे डोंगराळ, थंड प्रदेश होता तिथे रोग नव्हता. कोरड्या प्रदेशातही नव्हता. उष्णता आणि पाऊस जिथे एकत्र, तिथेच.

उंची, ऊन आणि पाऊस यांवर ठरणारा कर्करोग ही विचित्रच गोष्ट होती. डासांचा अभ्यास असणाऱ्या मंडळींना मात्र हा नकाशा ओळखीचा वाटला. त्यांनी अंदाज बांधला की डास एखादा विषाणू पसरवत असणार.

मार्च १९६१ मध्ये बर्किटने लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात व्याख्यान दिलं. श्रोत्यांत अँथनी एप्स्टाइन हा विषाणूंवर काम करणारा संशोधक होता. कंपालाहून विमानाने गाठींचे तुकडे लंडनला पाठवायचे असं ठरलं. दोनेक वर्षं काही हाती लागलं नाही. मग एकदा धुक्यामुळे विमान मँचेस्टरला उतरवावं लागलं. नमुना उशिरा पोचला, तेव्हा बाटलीतलं पाणी गढूळ झालं होतं. जंतू शिरले म्हणून फेकून देण्यासारखीच स्थिती. एप्स्टाइनने थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर गढूळपणा गाठीतून सुट्या झालेल्या, जिवंत, तरंगत्या पेशींचा निघाला. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवता आल्या आणि १९६४ साली एप्स्टाइन, बर्ट अचाँग आणि यव्हॉन बार यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत नवा विषाणू पाहिला. तोच एप्स्टाइन-बार विषाणू, थोडक्यात ईबीव्ही.

म्हणजे डास ईबीव्ही पसरवतात?

नाही, आणि इथेच पहिला अंदाज अर्धा चुकला. ईबीव्ही लाळेतून पसरतो, आणि तो जगभर आहे. शोध लागल्यावर काही वर्षांतच कळलं की फिलाडेल्फियातली मुलं, लंडनमधले विद्यार्थी, सगळ्यांच्या रक्तात त्याच्या खुणा आहेत. जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो आयुष्यभर दडून असतो. हे वाचणाऱ्या बहुतेकांच्याही.

डास पसरवत होते तो हिवताप. नकाशा बरोबर होता, फक्त तो ईबीव्हीचा नव्हता. ईबीव्ही अधिक फाल्सिपेरम, म्हणजे हिवतापाचा सर्वांत घातक प्रकार, असा तो होता. अशा प्रदेशातलं मूल पाच वर्षांचं होईपर्यंत हिवतापाने पुन्हा पुन्हा ग्रासलं जातं. प्रत्येक वेळी त्याच्या बी पेशी कामाला जुंपल्या जातात, त्यांची ती डीएनए कापण्या-जोडण्याची यंत्रणा अखंड चालू राहते, आणि ईबीव्हीवर पहारा ठेवणाऱ्या टी पेशी दुबळ्या पडतात. अशात एखाद्या पेशीत आठव्या गुणसूत्राचा तुकडा चौदाव्यावर जाऊन बसतो आणि पेशीला वाढीचा हुकूम देणारं 'मिक' हे जनुक कायमचं चालू होतं. एरवी अशी पेशी मेली असती. ईबीव्ही तिला वाचवतो.

युगांडाच्या वेस्ट नाइल भागात १९७२ पासून सुमारे ४२ हजार मुलांचं रक्त घेऊन ठेवलं गेलं. काळ इदी अमीनचा. त्याच वर्षी त्याने आशियाई लोकांना देशाबाहेर काढलं. तशा परिस्थितीत हा अभ्यास तडीस गेला याचं नवल वाटतं. पुढे ज्या मोजक्या मुलांना बर्किट लिम्फोमा झाला, त्यांचे जुने नमुने तपासले तर आजाराच्या कितीतरी आधीपासून ईबीव्हीविरुद्धची प्रतिपिंडं इतर मुलांपेक्षा चढी होती. म्हणजे आधी विषाणूचा जोर, मग गाठ. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ईबीव्हीला निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत घातलं. सततच्या फाल्सिपेरम हिवतापाला २०१२ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' हा दर्जा मिळाला.

हिवताप तर आपल्याकडेही आहे. इथे हा रोग का नाही?

इथेही आहे, पण तुरळक, आणि रूप वेगळं. आफ्रिकेत तो जबड्यात दिसतो, आपल्याकडे बहुधा मुलांच्या पोटात, आतड्याजवळ. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत फाल्सिपेरम आहे हे खरं. परंतु युगांडाच्या त्या पट्ट्यासारखा वर्षभर, प्रत्येक मुलाला, पुन्हा पुन्हा गाठणारा हिवताप भारताच्या बहुतेक भागांत नाही. तशी परिस्थिती पापुआ न्यू गिनीत आहे, आणि तिथे बर्किट लिम्फोमाही आहे. आफ्रिकेतल्या जवळपास सगळ्या बर्किट गाठींत ईबीव्ही सापडतो, युरोप-अमेरिकेत साधारण पाचांतल्या एकीत.

ईबीव्ही सगळीकडे सारखाच असेल तर त्याचा बाकीच्या लिम्फोमांच्या दराशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो बराचसा लागण कोणत्या वयात झाली यावर ठरतो. आपल्याकडे मुलं दाटीवाटीने वाढतात, उष्टं खातात, कुणीतरी चावून मऊ केलेला घास भरवतं. त्यामुळे ईबीव्ही पहिल्या काही वर्षांतच येतो आणि कळतही नाही. श्रीमंत देशांत मुलं त्यापासून दूर राहतात आणि सोळा-अठराव्या वर्षी तो अंगावर येतो. तेव्हा घसा सुजतो, गाठी येतात, आठवडेच्या आठवडे थकवा राहतो. याला ग्लँड्युलर फीवर किंवा मोनो म्हणतात.

हॉजकिन लिम्फोमाच्या वयाचा आलेखही याच रेषेवर दुभंगतो. गरीब प्रदेशांत तो लहान मुलांत तुलनेने जास्त दिसतो आणि त्यांच्या गाठींत ईबीव्ही मोठ्या प्रमाणात सापडतो; भारतातल्या मुलांच्या बाबतीत बहुतांश गाठींत. श्रीमंत देशांत तरुणांत एक उंचवटा आणि उतारवयात दुसरा, आणि ईबीव्ही असलेल्या गाठी साधारण तिसरा हिस्सा किंवा थोड्या जास्त. डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या नोंदींवरून २००३ साली दाखवलं गेलं की मोनो होऊन गेलेल्यांत ईबीव्ही असलेल्या हॉजकिनचा धोका चौपटीच्या आसपास वाढतो, तोही पुढच्या चारेक वर्षांत. चौपट ऐकून छातीत धस्स होतं. प्रत्यक्षात मोनो झालेल्या हजारांमागे एखाद्याचा हा हिशेब आहे. बातम्यांत 'इतके पट' वाचलं की आधी विचारावं: मुळात होते किती?

पूर्व आशियात आणि पेरू, ग्वाटेमालासारख्या देशांत नाकात होणारा एक वेगळाच लिम्फोमा दिसतो, त्यातही ईबीव्ही जवळजवळ हमखास असतो. तिथे आनुवंशिकतेचा वाटा असावा असं मानतात.

एखादा विषाणू ठरावीक भागातच असतो आणि तिथेच लिम्फोमा वाढतो, असं कुठे स्पष्ट दिसतं का?

जपानच्या क्युशू बेटावर. १९७७ साली क्योटोच्या डॉक्टरांनी, कियोशी ताकात्सुकी त्यांत प्रमुख, प्रौढांत होणाऱ्या एका टी पेशींच्या आक्रमक रोगाचं वर्णन केलं. पेशंट क्योटोत उपचार घेत होते, पण जन्मगाव विचारलं की बहुतेकांचं उत्तर नैर्ऋत्य जपान, विशेषतः क्युशू. जन्मगाव विचारण्याची ही साधी सवय इथे कामी आली. १९८० साली अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या चमूने एचटीएलव्ही-१ हा विषाणू शोधल्याचं जाहीर केलं, आणि जपानमध्ये योरिओ हिनुमा यांच्या गटाने या रुग्णांत त्याच विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं दाखवली. लंडनमध्ये राहणाऱ्या कॅरिबियन स्थलांतरितांतही तोच रोग, तोच विषाणू सापडला.

एचटीएलव्ही-१ ईबीव्हीसारखा सर्वव्यापी नाही. तो काही समाजांत मुरलेला आहे आणि मुख्यतः आईच्या दुधातून, शारीरिक संबंधांतून आणि रक्तातून पुढे जातो. वाहक असलेल्यांपैकी शंभरात दोन ते सात जणांना आयुष्यात कधीतरी हा लिम्फोमा-ल्युकेमिया होतो, पुरुषांना जास्त. पण कधी? लागण पाळण्यात, आणि रोग जपानमध्ये सरासरी साठी उलटल्यावर. कॅरिबियन बेटांत त्याआधीच, चाळिशीच्या सुमारास.

क्युशूवरच्याच नागासाकीत १९८७ पासून गरोदर बायकांची तपासणी सुरू झाली. वाहक आढळलेल्या आयांना अंगावर पाजू नये, असा सल्ला दिला जाऊ लागला. बाळांना लागण होण्याचं प्रमाण सुमारे वीस टक्क्यांवरून अडीच-तीन टक्क्यांपर्यंत उतरलं. रक्तदानातली तपासणी १९८६ पासूनच होती. गरोदरपणातली तपासणी पुढे देशभर लागू झाली. आता हिशेब करा: १९८७ साली वाचलेलं बाळ साठ वर्षांचं होईल २०४७ मध्ये. कार्यक्रमाचं खरं फळ लिम्फोमाच्या दरात दिसायला साठ वर्षं. निवडणुकीच्या हिशेबात न बसणारं हे काम नागासाकीने केलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

याची सरसकट नक्कल मात्र करता येत नाही. जिथे स्वच्छ पाणी आणि परवडणारी दुधाची पावडर नाही तिथे आईचं दूध तोडलं तर बाळ जुलाबाने जाईल. भारतात एचटीएलव्ही-१ चं प्रमाण अगदी कमी आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्या आयांपुढे येत नाही.

एचआयव्हीमुळे लिम्फोमा होतो का?

थेट नाही. एचआयव्ही बी पेशीला कर्करोगाची पेशी बनवत नाही. तो टी पेशींचा पहारा उठवतो आणि बी पेशींना सतत चेतवत ठेवतो. मग दडलेल्या ईबीव्हीला रान मोकळं मिळतं. १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांत तरुण अविवाहित पुरुषांमध्ये आक्रमक लिम्फोमाचा दर चढू लागला, तो याचाच परिणाम. १९८५ मध्ये अशा लिम्फोमांचा समावेश एड्स ठरवणाऱ्या आजारांत झाला. त्या काळी एड्सच्या रुग्णांत नॉन-हॉजकिन लिम्फोमाचा धोका इतरांच्या साठपटीहून जास्त होता. मेंदूतल्या लिम्फोमाचा तर हजारपटींच्या घरात.

१९९६ च्या सुमारास एकत्रित औषधोपचार आला आणि दर निम्म्याहून खाली आला. सगळ्या प्रकारांचा मात्र नाही: मेंदूतला लिम्फोमा झपाट्याने घटला, बर्किट त्या मानाने कमी, आणि हॉजकिन जवळजवळ हललाच नाही. रोगप्रतिकारशक्ती पूर्ण ढासळल्यावर होणारे लिम्फोमा आणि अर्धवट सावरलेली असतानाही होणारे लिम्फोमा वेगळे, हे त्यातून कळलं.

भारतात सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी (एचआयव्हीवरचा हाच औषधोपचार) १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. सुरुवातीला रक्तातल्या सीडी४ पेशी (एचआयव्ही मारतो त्याच टी पेशी) ठरावीक पातळीखाली जाईपर्यंत थांबावं लागे. २०१७ पासून निदान होताच औषध सुरू करतात. लिम्फोमाच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे, कारण पहारा जितका कमी काळ उठलेला तितका धोका कमी. एआरटी रोज घेणं हाही लिम्फोमा टाळण्याचाच उपाय आहे, हे केंद्रांवर अजून ठळकपणे सांगायला हवं.

अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांतही ईबीव्हीचे लिम्फोमा होतात. कारण तेच.

सी प्रकारच्या काविळीचा आणि लिम्फोमाचा काय संबंध? ती तर यकृताची गोष्ट.

हिपॅटायटिस सी चा विषाणू यकृतात राहतो, पण बी पेशींना वर्षानुवर्षं डिवचत असतो. लागण झालेल्यांत बी पेशींच्या काही लिम्फोमांचा धोका दुपटीच्या आसपास जातो. दुप्पट म्हणजे फार नाही, पण लागण झालेले लोकच फार असले तर?

ईजिप्तमध्ये नेमकं हेच झालं. नाईलच्या काठी गोगलगायींच्या पाण्यातून होणारा शिस्टोसोमा हा कृमिरोग हटवण्यासाठी १९५० च्या दशकापासून तीसेक वर्षं गावोगाव शिरेतून इंजेक्शनं देण्यात आली. काचेच्या सिरिंज नीट निर्जंतुक न होताच एकामागून एकाला वापरल्या गेल्या. हेतू चांगला, पण त्यातून हिपॅटायटिस सी चं प्रमाण जगात सर्वाधिक म्हणावं इतकं वाढलं. २००८ च्या पाहणीत १५ ते ५९ वयाच्या सुमारे पंधरा टक्के लोकांत त्याची प्रतिपिंडं होती. ईजिप्तमध्ये नॉन-हॉजकिन लिम्फोमाचा दरही चढा आहे, आणि तिथल्या अभ्यासांत त्याचा या विषाणूशी संबंध आढळला आहे. २०१८-१९ मध्ये त्यांनी काही महिन्यांत सुमारे पाच कोटी लोकांची तपासणी करून सापडलेल्यांना गोळ्या दिल्या. अशी मोहीम दुसऱ्या कुठल्या देशाने केल्याचं माझ्या वाचनात नाही.

या विषाणूबाबतचा सगळ्यात पटणारा पुरावा आकडेवारीतला नाहीच. २००२ साली फ्रान्समध्ये प्लीहेचा एक लिम्फोमा असलेल्या नऊ जणांना केमोथेरपीऐवजी हिपॅटायटिस सी वरचं इंटरफेरॉन दिलं. विषाणू गेला त्या सात जणांचा लिम्फोमाही ओसरला. ज्यांना हा विषाणू नव्हता त्यांना त्याच औषधाचा काही उपयोग झाला नाही.

भारतात पंजाबसारख्या भागांत हिपॅटायटिस सी जास्त आहे. जुलै २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत.

पोलिओच्या लशीतून आलेल्या माकडाच्या विषाणूमुळे लिम्फोमा वाढला, असा मेसेज फिरतो. खरं आहे?

अर्धं खरं, अर्धं नाही. १९५५ ते १९६३ दरम्यानच्या काही पोलिओ लशींत एसव्ही४० हा माकडांचा विषाणू मिसळला गेला होता, हे खरं. २००२ साली काही संशोधकांनी चाळीसेक टक्के नॉन-हॉजकिन लिम्फोमांत त्याचा डीएनए सापडल्याचं जाहीर केलं आणि खळबळ उडाली. पुढे इतरांनी तपासलं तर तो सापडेना. प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांतच एसव्ही४० चे अंश असतात आणि ते नमुन्यांत मिसळू शकतात हे पुढे आलं. दूषित लस मिळालेल्या पिढीत लिम्फोमाचा दरही वेगळा निघाला नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने एसव्ही४० ला कर्करोगकारक ठरवता येत नाही अशाच गटात ठेवलं आहे. गाठीत विषाणूचा तुकडा सापडणं आणि विषाणूने गाठ केलेली असणं, या दोहोंत मोठं अंतर आहे.

मग सगळ्या लिम्फोमांपैकी किती विषाणूंमुळे?

जागा सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. युगांडातल्या मुलांत बराच मोठा वाटा, क्युशूतल्या वृद्धांत ठळक वाटा, नॉर्वेत लहानसा. गंमत म्हणजे नॉन-हॉजकिन लिम्फोमाचे सर्वांत चढे दर श्रीमंत देशांतच आहेत, जिथे हे विषाणू सर्वांत कमी त्रास देतात. अमेरिकेत १९७० आणि ८० च्या दशकांत हा दर दरवर्षी तीन-चार टक्क्यांनी वाढत गेला. एचआयव्हीने त्यातला काही भागच समजतो. निदान सुधारलं, वर्गीकरण बदललं, तरीही बराचसा भाग उरतोच. विषाणूंनी सगळं उलगडतं असं सांगणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

ईबीव्हीवर लस आहे का? मी तपासणी करून घेऊ का?

वापरायला परवानगी मिळालेली लस अजून नाही, चाचण्या चालू आहेत. लक्षणं नसताना ईबीव्हीची रक्ततपासणी करून पैसे घालवू नका. ती बहुधा पॉझिटिव्ह येईल आणि त्यावरून पुढचं काहीच ठरणार नाही. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीची तपासणी मात्र उपयोगाची, कारण त्यांवर औषध आहे.

मानेत गाठ आहे, डॉक्टर टीबी म्हणतात. काय करावं?

आपल्याकडे मानेत टिकून राहणाऱ्या गाठीचं एक अगदी नेहमीचं कारण टीबी असतं, त्यामुळे शंका रास्त आहे. जखमेमुळे किंवा घशाच्या संसर्गाने आलेलं अवधाण (गाठीची तात्पुरती सूज) दोन-तीन आठवड्यांत उतरतं. त्याहून जास्त टिकलेली, वाढत जाणारी, न दुखणारी गाठ असेल, सोबत ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम किंवा कारण नसताना घटलेलं वजन असेल, तर गाठीची बायोप्सी व्हायला हवी. नुसत्या अंदाजाने टीबीची औषधं सुरू करून सहा महिने वाट पाहण्यात लिम्फोमाचे रुग्ण मौल्यवान काळ गमावतात. सुईने काढलेल्या पाण्यावर लिम्फोमाचा नेमका प्रकार बहुधा ठरत नाही, त्यासाठी गाठीचा तुकडा किंवा पूर्ण गाठ लागते.

लिम्फोमाचं निदान झालंय. आता डॉक्टर एचआयव्ही, कावीळ बी आणि सी कशाला तपासतात?

संशय घेतात म्हणून नाही. एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस सी निघाला तर उपचारांची आखणी बदलते. हिपॅटायटिस बी चं कारण आणखी निकडीचं: रितुक्झिमॅबसारखी औषधं बी पेशी कमी करतात, आणि वर्षांपूर्वी होऊन गेलेली, पेशंटला आठवतही नसलेली बी कावीळ त्यामुळे पुन्हा उसळू शकते, कधीकधी जिवावर बेतेल इतकी. म्हणून बी विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रतिजनाबरोबर (ही चाचणी चालू लागण दाखवते) 'कोअर' प्रतिपिंडाची चाचणीही (ही होऊन गेलेली लागणही दाखवते) पहिल्या डोसाआधी करतात. ती पॉझिटिव्ह आली तर विषाणू दाबून ठेवणारी गोळी आधी सुरू होते आणि केमोथेरपी संपल्यावरही बरेच महिने चालू ठेवावी लागते. केमो संपली म्हणून ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका.